तारेतला आवाज

  मी अंकुशनगरहून बोलतेय. आमचं गाव अंबड तालुक्यातलं, समर्थ सहकारी साखर कारखान्याचं. आमच्याकडे भोंगा म्हटलं की दोन गोष्टी डोळ्यांपुढे येतात. एक कारखान्याचा, पाळी बदलली की वाजणारा. दुसरा सप्ताहाच्या मंडपावर बांधतात तो, कीर्तनकार महाराजांचा आवाज शिवारभर नेणारा. आजची गोष्ट या दुसऱ्या भोंग्याची. खरं म्हणजे त्याच्यामागे जी तार लोंबते, तिची.

तुम्ही म्हणाल, तारेची कसली आलीय गोष्ट? मलाही तसंच वाटायचं. पण मागच्या वर्षी एका महिला ग्रामसभेत एक प्रकार घडला. गावाचं नाव सांगत नाही, सभा कुठलीही धरा. वस्तीवर राहणारी एक बाई बोलायला उभी राहिली. ऊस तोडायला जाणारी, वर्षातले पाच-सहा महिने गावाबाहेर असणारी. तिच्या वस्तीवर नळाची लाईन आलेली नाही, एवढंच तिला सांगायचं होतं. तिने माईक हातात घेतला आणि भोंग्यातून "घूंऽऽ" असा आवाज सुरू झाला. माईक हलवला की कडकड. तिचं तोंड हलताना दिसत होतं, शब्द एक कळेना. मागून कुणीतरी ओरडलं, "आवाज येईना, बसा खाली." हशा झाला. बाई बसली. संध्याकाळी सभेचं इतिवृत्त पाहिलं तर तिचा मुद्दा त्यात नव्हता. लिहिणाऱ्याला तरी काय दोष द्यायचा, त्यालाही ऐकूच आलं नव्हतं.

जे ऐकू आलं नाही ते लिहिलं गेलं नाही, आणि जे लिहिलं गेलं नाही त्याचा पाठपुरावा कशाच्या जोरावर करायचा? म्हणून आमच्या गटाने ठरवलं की आपला स्वतःचा माईकचा संच घ्यायचा. पैसे शिलकीतले, म्हणजे कुणाच्या बियाण्याचे, कुणाच्या लेकराच्या फीचे. तालुक्याच्या एका दुकानात गेलो, तर दुकानदाराने संचापेक्षा तारेचंच कौतुक जास्त सांगितलं. "ताई, ही साधी वायर नेली तर आवाज फाटणार. ही घ्या, शुद्ध तांब्याची, सोन्याच्या पिनांची, परदेशी. आवाज कसा मधासारखा येतो बघा." किंमत ऐकून आमच्या खजिनदार मावशींनी पिशवीचं तोंड घट्ट धरलं. "विचार करून सांगतो," म्हणून आम्ही परत आलो.

तारेने आवाज बदलतो का? हा प्रश्न घेऊन मी जुन्या गोष्टी वाचायला बसले. तेव्हा कळलं की हा प्रश्न पावणेदोनशे वर्षांचा आहे आणि त्याच्या उत्तरात आपली मुंबईसुद्धा आहे.

सुरुवात झाली तारायंत्रापासून. आपल्या देशात पहिली लांब तार टाकली ती विल्यम ओशॉनेसी नावाच्या आयरिश डॉक्टराने. १८३९ साली त्याने कोलकात्याजवळ प्रयोग केले आणि १८५४-५५ पर्यंत कोलकाता, आग्रा, मुंबई, मद्रास ही शहरं तारेने जोडली गेली. ही तार तांब्याची नव्हती, लोखंडाची होती. तीही बारीक नव्हती, चांगली सळईसारखी जाड. तारेवर माकडं लोंबकळणार, पाखरं बसणार, वादळवारा येणार, हे त्याने आधीच ओळखलं होतं. जालन्याच्या कारखान्यांतून सळया भरलेले ट्रक निघालेले आपण बघतो, त्यांची आठवण यावी अशी ती तार. लोखंड विजेला तांब्यापेक्षा सुमारे सहापट अडवतं. पण तारायंत्राचं काम नुसत्या कट्ट-कडकट्टवर चालायचं. वीज आली का गेली, एवढंच पलीकडच्याला कळायला हवं. तेवढ्याला लोखंड पुरत होतं.

खरी अडचण समुद्रात आली. पाण्याखालून तार न्यायची तर तिला वीज बाहेर न सोडणारं आवरण हवं. मलायाच्या जंगलातल्या एका झाडाचा चीक त्यासाठी सापडला, गट्टापर्चा म्हणतात त्याला. त्या चिकासाठी पुढे हजारो झाडं तोडली गेली. तांब्याची तार, तिच्यावर हा चीक, वरून ताग आणि लोखंडी तारांचा चिलखती वेढा, अशी केबल १८५८ साली अटलांटिक महासागरात टाकली. इंग्लंडच्या राणीने अमेरिकेच्या अध्यक्षांना निरोप पाठवला. निरोप होता ९८ शब्दांचा. तो पोचायला १६ तास लागले! आपल्याकडे एखादी बाई पायी माहेरी जाऊन सांगावा देऊन आली असती.

असं का झालं? जायकवाडीच्या कालव्यावर ज्यांचं शेत आहे त्यांना हे लगेच समजेल. कालव्याला पाणी सोडलं की ते लगेच टेलला पोचत नाही. आधी कालवा भिजतो, भरतो, मग पाणी पुढे सरकतं. लांब केबलचंही तसंच. वीज आधी केबलमध्ये भरते, मग टोकाला हळूहळू वर चढते. एक ठोका पुरता ओसरायच्या आत दुसरा दिला तर दोन्ही एकमेकांत मिसळतात. विल्यम थॉमसन नावाच्या शास्त्रज्ञाने हे आधीच गणित करून सांगितलं होतं की केबलची लांबी दुप्पट झाली तर हा उशीर चौपट होतो. त्याने आणखी एक शोध लावला. बाजारात मिळणारं सगळं तांबं सारखं नसतं. एका कारखान्याचं तांबं वीज चांगली नेतं, दुसऱ्याचं, दिसायला तसंच असूनही, बरंच कमी. तांब्यात जरा भेसळ असली की फरक पडतो.

पण कंपनीच्या व्हाइटहाऊस नावाच्या तंत्रज्ञाला वाटलं, पलीकडे पोचत नाही ना, मग जोर वाढवा. त्याने केबलमध्ये सुमारे दोन हजार व्होल्टचा दाब दिला. आधीच कच्चं असलेलं आवरण त्या जोराने आणखी बिघडलं आणि तीन आठवड्यांच्या आसपास केबल कायमची गप्प झाली. ठिबकची नळी चोंदली म्हणून पंपाचा दाब वाढवला आणि नळीच फाटली, तशातली गत.

पुढच्या केबलला थॉमसनचं ऐकलं. तांबं जवळजवळ तिप्पट घातलं, ते शुद्ध आहे की नाही हे तपासून घेतलं, चिकाचं आवरण जाड केलं. १८६६ साली ती केबल चालली. मग १८७० साली 'ग्रेट ईस्टर्न' हे त्या काळचं जगातलं सगळ्यात मोठं जहाज मुंबईला आलं आणि मुंबईपासून एडनपर्यंत केबल टाकत गेलं. त्याच वर्षी मुंबई समुद्राखालच्या तारेने लंडनला जोडली गेली. जे पत्र बोटीने जायला आठवडे लागायचे, तो निरोप आता काही तासांत जाऊ लागला. पुढे मुंबईच्या कापूस बाजाराची सगळी रीतच त्याने बदलली.

तेव्हा मैत्रिणींनो, दुकानदार म्हणाला ते एका अर्थाने खरं आहे. तारेचं तांबं, जाडी, आवरण, याने फरक पडतो. इतिहासात पडलेला आहे. मात्र ती तार हजारो मैलांची होती, हे त्याने सांगितलं नाही.

आता आवाजाकडे येऊ. १८७६ साली ग्रॅहम बेलने टेलिफोन केला आणि १८८२ साली मुंबईतही टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं. कट्ट-कडकट्टच्या जागी माणसाचं बोलणं तारेतून जाऊ लागलं, तशा नव्या अडचणी आल्या. सुरुवातीचे टेलिफोन तारायंत्राच्या रीतीने एकाच लोखंडी तारेवर चालत. वीज जायची तारेतून आणि परत यायची जमिनीतून. जमीन तर सगळ्यांची. शेजारच्या तारेतलं बोलणं, तारायंत्राची टकटक, पुढे शहरांत विजेच्या ट्राम आल्यावर त्यांची घरघर, सगळं फोनमध्ये यायला लागलं. आमच्या सभेतल्या त्या "घूंऽऽ"ची ही पणजी म्हणा.

त्यावर दोन उपाय निघाले. पहिला, लोखंड सोडून तांब्याची तार वापरायची. नुसतं तांबं मऊ, खांबावर ताणलं की लांबतं. १८७७ च्या सुमारास अमेरिकेत तांबं ओढून कडक करण्याची रीत निघाली, तेव्हा ते खांबांवर टिकू लागलं. दुसरा उपाय जास्त मोलाचा आणि त्याला फारसा पैसाही लागत नाही. जमिनीवर भरवसा न ठेवता जायला एक तार, यायला एक तार द्यायची आणि दोघींना एकमेकींभोवती पीळ द्यायचा. बेलने १८८१ साली या पिळाचं पेटंट घेतलं.

पिळाने काय होतं? आपण तराजूवर बघू. दोन पारड्यांचा तराजू आहे. वाऱ्याने धूळ उडतेय आणि ती दोन्ही पारड्यांत सारखी पडतेय. काटा हलेल का? नाही हलणार. काटा फक्त दोन पारड्यांतला फरक दाखवतो. तसंच पलीकडचं यंत्र दोन तारांमधला फरक तेवढा ऐकतं. बाहेरची घरघर दोन्ही तारांवर सारखी पडली तर ती यंत्राला ऐकूच येत नाही. पण ती सारखी पडायला हवी. एक तार घरघरीच्या जवळ आणि दुसरी लांब राहिली तर फरक पडणार. म्हणून पीळ. वेणी घालताना पेड कसा एकदा आत जातो, एकदा बाहेर येतो, तशी प्रत्येक तार थोडा वेळ जवळ, थोडा वेळ लांब. शेवटी दोघींच्या वाट्याला सारखीच धूळ. आपल्या आया रोज सकाळी जी वेणी घालत होत्या, तिच्यासारख्या पिळाने टेलिफोन बोलता केला, असं मी म्हटलं तर फार चुकणार नाही.

तरीही लांबच्या फोनवर बोलणं बोळ्यातून आल्यासारखं यायचं. "साखर" म्हटलं की "आखर" ऐकू यायचं, कारण स, श, फ या अक्षरांचे बारीक, उंच सूर लांब केबलमध्ये आधी मरतात. ऑलिव्हर हेवीसाइडने १८८७ मध्ये त्याचं गणित मांडलं आणि १९०० च्या सुमारास मायकेल प्युपिनने ठराविक अंतरावर तारेची वेटोळी बसवून तो दोष कमी केला. हाही मैलोगणती तारेचाच प्रश्न होता. हे मी परत सांगतेय, कारण पुढे ते उपयोगी पडणार आहे.

मग रेडिओ आला. मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झालं. आपल्या मराठवाड्यात तेव्हा निजामाचं राज्य. जालना, अंबड हा भाग औरंगाबाद जिल्ह्यात होता, जालना जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९८१ ला. निजाम सरकारचं रेडिओ केंद्र हैदराबादला होतं तसं औरंगाबादलाही होतं. एप्रिल १९५० मध्ये ती दोन्ही केंद्रं ऑल इंडिया रेडिओत आली. १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला. दीडशे गावांत ऐकणाऱ्यांचे गट केले. गटाने एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, त्यावर बोलायचं, शंका केंद्राला कळवायच्या. आज तुम्ही गटाने बसून हे ऐकताय ना, त्याची ती जुनी पाऊलवाट.

पण रेडिओ बराच काळ एकाच बाजूने बोलत राहिला. आपण ऐकायचं, बोलायचं त्यांनी. ९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. तो मुख्य निकाल लिहिणारे न्यायमूर्ती पी. बी. सावंत मराठी होते. २००६ मध्ये सरकारने स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ चालवण्याची परवानगी दिली. २००८ मध्ये साताऱ्याच्या म्हसवडला माणदेशी बायांचा रेडिओ सुरू झाला. त्याच वर्षी तेलंगणात माचनूर गावी दलित बायांनी संगम रेडिओ सुरू केला. शेतात राबणाऱ्या बायाच तिथे माईक धरतात, आवाज ध्वनिमुद्रित करतात. म्हणजे तार कोणती घ्यायची, हा प्रश्नही आता आपल्याच हातात आला.

आता महागड्या तारेची गोष्ट. घरात गाणी ऐकायच्या यंत्राला, स्पीकरला, लोक पूर्वी साधी दिव्याची दुपदरी वायर लावत. १९७९ मध्ये अमेरिकेत नोएल ली नावाच्या माणसाने मॉन्स्टर केबल नावाची कंपनी काढली आणि खास स्पीकरसाठी जाड, देखणी, महाग तार विकायला सुरुवात केली. त्यातून एक मोठा धंदा उभा राहिला. चांदीची तार, ऑक्सिजन काढलेल्या तांब्याची तार, एकाच दिशेने लावायची तार. काही तारांची किंमत आपल्याकडे बैलजोडी यावी एवढी.

मैत्रिणींनो, धातूंची ओळख आपल्याला घरातच आहे. चांदी तांब्यापेक्षा वीज चांगली नेते हे खरं, पण किती? शंभरात सहा-सात एवढाच फरक. तांब्याची तार किंचित जाड घेतली की तो भरून निघतो. सोनं तर तांब्यापेक्षा वीज कमी नेतं. मग पिनांना सोन्याचा मुलामा का देतात? तांब्याचा हंडा चार दिवस घासला नाही तर हिरवा-काळा पडतो, चिंच लावावी लागते. सोनं तसं काळवंडत नाही. पिनेवर मळ चढला की कडकड येते, ती टाळायला मुलामा. तेवढाच त्याचा उपयोग. स्वच्छ पुसलेली साधी पीनही तेच काम करते. आणि ऑक्सिजन काढलेलं तांबं विजेच्या चांगल्या साध्या तांब्याहून वीज नेण्यात शंभरात एखादा टक्का सरस असतं.

१९८३ साली अमेरिकेतल्या 'स्टिरिओ रिव्ह्यू' या मासिकाने ऐकणाऱ्यांना कुठली तार जोडलीय हे न सांगता परीक्षा घेतली. गाणं लावल्यावर महागडी तार कोणती आणि साधी जाड वायर कोणती, हे त्यांना खात्रीने ओळखता आलं नाही.

वाचलेलं खरं की खोटं, करून पाहावं म्हटलं. आमच्या गटातल्या एका ताईंची लेक आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा कोर्स करतेय. तिने एका मंडपवाल्या भाऊंकडून एक दिवसासाठी महाग तार मागून आणली. एक साधी जाड तार, एक बारीक तार, आणि ही महाग. सगळ्या पाच-पाच मीटर. आधी उघड ऐकलं. "ही महाग तार लावली," म्हणून पोरीने गाणं लावलं, आणि काय सांगू, सगळ्याजणी माना डोलवायला लागल्या. "आवाज कसा गोड झाला!" त्यात मीही होते. मग तिने मध्ये लुगड्याचा पडदा धरला आणि पलीकडून बदलत गेली. आम्ही ओळखायचं. कुणी काही, कुणी काही. शेवटी तिने पडदा काढला आणि हसत सुटली. मधले चार वेळा तिने तार बदललीच नव्हती! त्या चार वेळांतही आम्हाला फरक ऐकू आला होता. मावशी म्हणाल्या, "कान खोटं बोलत न्हाई बाई, पण मन कानाच्या आधी बोलतं."

मग पोरीने खरा फरक दाखवला. बारीक तारेचं पन्नास मीटरचं भेंडोळं मध्ये जोडलं. आता सगळ्यांनी डोळे मिटूनही ओळखलं, आवाज दबला होता. कारण साधं आहे. पाणी लांब न्यायचं तर पाईप जाड लागतो. अर्धा चौरस मिलिमीटरची बारीक तांब्याची तार पन्नास मीटर नेली, तर जाऊन-येऊन शंभर मीटर होते आणि तिचा विरोध सुमारे साडेतीन ओहम भरतो. स्पीकर आठ ओहमचा असेल तर त्याच्यापर्यंत पोचणारी ताकद निम्म्यावर येते. तीच तार दीड चौरस मिलिमीटरची घेतली तर घट पावाच्या आसपास राहते. पाच मीटरला मात्र बारीक तारही कानाला कळेल इतका फरक करत नाही.

तुम्ही विचाराल, मग सप्ताहात वेशीपर्यंत भोंगे बांधतात, तिथे बारीक तार कशी चालते? तिथे मशीनच्या मागे १०० व्होल्ट लिहिलेल्या जागी तार जोडतात आणि प्रत्येक भोंग्यात एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. दाब जास्त, प्रवाह कमी, म्हणून बारीक तारेतही घट नावापुरती. फक्त त्या तारेला मशीन चालू असताना हात लावायचा नाही, झटका बसतो.

आणि आमच्या सभेतली ती घरघर? ती स्पीकरच्या तारेत नव्हतीच. माईकच्या तारेत होती. माईकमधून निघणारी वीज अगदी क्षीण, व्होल्टच्या काही हजाराव्या भागाएवढी. मशीन तिला हजारपट, कधी त्याहून जास्त वाढवतं. वाटेत चिमूटभर घरघर शिरली की तीही तितकीच वाढते. म्हणून माईकच्या तारेची बांधणी महत्त्वाची. आत पीळ दिलेल्या दोन तारा आणि बाहेरून तांब्याच्या जाळीचं कुंपण, अशी ती हवी. माईक आणि मशीनची जागा दोन्हीही तीन पिनांच्या जोडणीची हवी, तरच तो तराजू चालतो. पोरीने ग्रामपंचायतीची जुनी तार मागून आणली आणि उघडून दाखवली. पिनेपाशी जाळी तुटून लोंबत होती. शिवाय सभेत ती तार विजेच्या वायरबरोबर एकत्र गुंडाळलेली आम्ही सगळ्यांनी पाहिली होती. तिने जाळी कापून नीट डाग दिला, पीन पुसली. पंधरा मिनिटांचं काम.

आम्ही काय घेतलं ते सांगते. माईकसाठी जाळीची, तीन पिनांची साधी केबल. स्पीकरसाठी दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची दुपदरी वायर. सगळं मिळून त्या एका परदेशी तारेच्या चौथाईतही आलं नाही. उरलेल्या पैशातून एकीला शेळीसाठी कर्ज दिलं.

तुमच्या गटाला घ्यायचं असेल तर एवढं ध्यानात ठेवा. वायर घेताना एक केस ब्लेडने खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर ते ॲल्युमिनियम आहे, वरून तांब्याचा मुलामा. ते खोटं नाही, पण तांब्याच्या भावाने घ्यायचं नाही, आणि घेतलं तर जास्त जाड घ्यायचं. माईकची तार विजेच्या वायरबरोबर बांधू नका, ओलांडायची झाली तर आडवी ओलांडा. गुंडाळताना कोपरावर आवळून पीळ देऊ नका, मोठी सैल वेटोळी करा. कडकड आली की आधी पिना बघा, दुकान नंतर.

पुढच्या महिला ग्रामसभेला आम्ही आपला संच नेला. वस्तीवरची ती बाई यायला तयार नव्हती. "मागल्या बारीला हसले," म्हणाली. मावशींनी तिला बरोबर आणलं. तिने माईक धरला, एकदा फुंकर मारली, आणि मागून कुणीतरी म्हटलं, "येतोय, येतोय, बोला." ती चार वाक्यं बोलली. वस्तीवर किती घरं, विहीर किती लांब, उन्हाळ्यात तिचं पाणी कधी आटतं, आणि लाईन कुठपर्यंत येऊन थांबलीय. ग्रामसेवकांनी विचारलं, "परत सांगा, किती घरं?" तिने परत सांगितलं. त्यांनी लिहिलं.

नळ अजून आलेला नाही, हे मी खरं ते सांगते. पण ठराव वहीत आहे, तिच्या नावासकट, आणि दर महिन्याच्या बैठकीत आम्ही त्याचा नंबर घेऊन विचारतो. तुमच्या गावात कुणाचा आवाज येत नसेल तर आधी तार उघडून बघा, आणि ती जोडून झाली की माईक त्या बाईच्या हातात द्या.